पाठीतली कमान

शेफील्डचा जातिवंत चाकू पारखायचा तर डोळे मिटावेत आणि कान उघडे ठेवावेत. पात्यावरच्या बारीक खाचेत नख अडकवून पाते वर ओढले की ते आधी कुरकुरते, अर्ध्यावर येऊन अडते, आणि पुढे नेले की टक्क करून जागेवर बसते. मिटतानाही तसेच. हा आवाज बसका निघाला, तर मूठ हस्तिदंताची असो की शिंपल्याची, चाकूत काही राम नाही.

आवाज येतो तो मुठीच्या पाठीत बसवलेल्या पोलादी कमानीतून. खिशातल्या साध्या चाकूला ना कळ असते ना खटका. पात्याचा बुंधा चौकोनी घासलेला असतो आणि कमानीचे मोकळे टोक त्यावर सतत दाब देत राहते. बुंध्याची सपाट बाजू कमानीखाली आली की पाते थांबते. मिटलेले, अर्धे उघडलेले आणि पूर्ण उघडलेले, या तिन्ही अवस्थांत कमानीची पाठ मुठीच्या पाठीशी सपाट लागली पाहिजे. बोट फिरवल्यावर कुठे कड जाणवता कामा नये. एका ठिकाणी जमवायला गेले की दुसऱ्या ठिकाणी उंच राहते. म्हणून जोडणारा कारागीर चाकू जुळवतो, बघतो, पुन्हा सुटा करतो आणि कानशीचे दोन हात मारतो. पक्का रिव्हेट ठोकण्याआधी हे किती वेळा करायचे, ते त्याच्या हाताला कळते.

हे काम इंग्लंडमधल्या एका गावाने शतकानुशतके केले. चौदाव्या शतकात चॉसरच्या कथेतला गिरणीवाला शेफील्डचा चाकू बाळगून फिरतो. १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने इथल्या चाकूवाल्यांचा संघ स्थापन झाला. आसपासच्या नद्यांनी पाणचक्क्या फिरवल्या, डोंगरांनी सहाणेचे दगड दिले, आणि १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवून ते एकजीव करण्याची रीत बसवली. घडणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, जोडणारा वेगळा. भाड्याच्या एका खोलीत स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्यांना तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणत. धार काढणाऱ्यांचे हाल वाईट होते. दगडाची धूळ छातीत जाऊन ते ऐन उमेदीत मरत. साहेबाच्या जाकिटातल्या त्या नाजूक चाकूची ही बाजू जाहिरातींत कधी आली नाही.

मोठ्या नावांत पहिले जोसेफ रॉजर्स अँड सन्स. तारा आणि माल्टीज क्रूस ही त्यांची निशाणी १६८२ पासूनची. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी त्यांनी ‘नॉरफोक नाइफ’ नावाचा पंचाहत्तर पात्यांचा अजस्र चाकू केला. तो आजही शेफील्डच्या कटलर्स हॉलमध्ये आहे. कौशल्य अफाट, पण मला तो बडेजावच वाटतो; ज्याने पेन्सिलसुद्धा तासता येत नाही त्याला चाकू कशाला म्हणायचे? याच कारखान्यांतला दोन पात्यांचा, बोटाएवढा, पिसाच्या लेखणीला टोक काढण्यासाठी केलेला चाकू हा खरा नमुना.

या परंपरेतला अलीकडचा सर्वांत नावाजलेला माणूस म्हणजे स्टॅन शॉ. जन्म १९२६चा. वयाच्या चौदाव्या वर्षी तो जॉर्ज इबरसन यांच्या कारखान्यात शिरला, पुढे स्वतंत्र झाला आणि शेवटची वर्षे केलम आयलंड संग्रहालयातल्या खोलीत लोकांसमोर काम करत राहिला. या जुन्या कामाची एक रीत अशी: मुठीवर नावाची चांदीची छोटी पट्टी बसवायची, तर तिच्या आकाराचा खड्डा मुठीत कोरावा लागतो. त्यासाठी शेफील्डमध्ये जुना सामता असे. कारागीर छातीला लोखंडी पत्रा बांधतो, सामत्याचे मागचे टोक त्यावर टेकवतो आणि दोरीच्या धनुकलीने तो फिरवतो. पुढच्या दोन लवचिक पायांची टोके पोलादी साच्याच्या कडेकडेने फिरत बरोबर त्या पट्टीच्या आकाराचा खड्डा पाडतात. शॉच्या चाकूसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत. २०२१ मध्ये तो वारला.

मुठीच्या सामानात आपलाही वाटा आहे. शेफील्डला सर्वांत आवडते ते हिंदुस्थानी सांबराचे शिंग. युरोपातल्या हरणांच्या शिंगात गर जास्त. सांबराचे भरीव, खडबडीत, हातात न घसरणारे. मेळघाटात दरसाल गळून पडणाऱ्या शिंगांची जातही हीच. १९९०च्या दशकात भारताने या शिंगांची निर्यात बंद केली आणि जुना साठा सोन्याच्या भावाने जाऊ लागला. हस्तिदंताची खरेदी-विक्रीही ब्रिटनने २०१८च्या कायद्याने मोजके अपवाद सोडून थांबवली.

संग्राहक आधी पात्याचा बुंधा बघतो. तिथे ‘इंग्लंड’ कोरलेले असेल तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेच्या मॅकिन्ली जकात कायद्याने मालावर देशाचे नाव सक्तीचे केले होते. नुसत्या निशाणीवर भुलू नये. जर्मन मालावर ‘शेफील्ड’ छापून विकण्याचा धंदा इतका बोकाळला होता की ब्रिटनला १८८७ मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. घासून अर्धे झालेले पाते किमतीत मार खाते. कपाटात पडून राहिलेल्या कोऱ्या चाकूला बाजारात दुप्पट मान मिळतो, हे मला कधी पटलेले नाही.

कारण हा चाकू खिशात हिंडण्यासाठीच आहे, आणि ब्रिटनच्या कायद्यानेही तशी वाट ठेवली आहे. १९८८च्या कायद्याप्रमाणे तीन इंचांपर्यंत धारेचा मिटणारा चाकू कारण न सांगता बाळगता येतो. मात्र उघडल्यावर कुलूप लागणारे पाते त्यात बसत नाही, असा न्यायालयांचा निर्वाळा आहे. बिनखटक्याची जुनी कमान अशी कायद्याच्या आडोशाने टिकली.

जुन्या कार्बन पोलादाला धार लवकर लागते. सफरचंद कापले की पाते काळेनिळे पडते. ते घासून चकचकीत करायच्या नादी लागू नये. हजार नंबरचा दगड पुरतो. पाते जेमतेम पंधरा ते वीस अंश कलते धरायचे, एका बाजूने घासत राहायचे, उलट बाजूला बोटाला बारीक तार लागली की बाजू बदलायची, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर ती तार उतरवायची. जपायची ती पात्याच्या बुडाशी असलेली टाच. चाकू मिटल्यावर ती कमानीवर टेकते आणि धार अधांतरी राहते. टोक मुठीबाहेर डोकावत असेल तर टाच कानशीने केसभर घासावी, पाते तेवढे खाली बसते. त्याहून जास्त घासली, तर चाकू मिटताना दर वेळी धार कमानीवर आपटेल.