पुरात नाव घालणारे

काराकोरमच्या कुशीतील ब्राल्डू नदीत १९७८ साली माइक जोन्स हा तरुण इंग्रज डॉक्टर बुडाला. कयाक, म्हणजे एकाच माणसाची ती निमुळती, बंदिस्त नाव, हाकण्यात त्याचा हात धरणारे थोडेच होते. एव्हरेस्टच्या परिसरातून उसळत येणारी दूधकोसी तो १९७६ मध्ये सहकाऱ्यांसमवेत उतरला होता. ब्राल्डूवर त्याचा मित्र रॉजर हायटन प्रवाहात सापडला आणि जोन्स त्याला सोडविण्यासाठी मागे गेला. हायटन वाचला, जोन्स परत आला नाही.

अशा मृत्यूला आपण सहजच बेभान साहस म्हणून मोकळे होतो. वस्तुतः त्यात भान फार असते. बुडणारा माणूस हाताला येईल त्याला मिठी मारतो व वाचविणाऱ्यासह तळाशी जातो. म्हणून जाणता नावाडी त्याच्यापुढे नावेचे टोक करतो, कड नव्हे. समोरचा काठ गाठायचा तर आधी काठाकाठाने वर जावे लागते आणि मग तिरपे सुटावे लागते. ही विद्या वर्धा, कन्हान, वैनगंगा या नद्यांकाठच्या भोई-ढिवरांना कोणत्याही पुस्तकावाचून येते. त्यांच्या डोंग्याला कोणी क्रीडाप्रकार म्हणत नाही, एवढाच काय तो फरक.

नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातील मोवाड हे गाव ३० जुलै १९९१ रोजी वर्धेच्या महापुरात सापडले. २०४ माणसे गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल स्थापन झाले ते २००६ मध्ये. तेव्हा त्या दिवशी हाताशी होते ते शेजारचे हात. आज नागपुरातच राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी वस्त्यांत शिरली तेव्हा शहराच्या गल्ल्यांतून बोटी फिरल्या. ही प्रगतीच होय. परंतु तुकडी शहरात असते आणि पूर खेड्यात येतो. मधले काही तास कोणाचे, हा प्रश्न उरतोच.

ते तास डोंगेवाल्याचे असतात. अर्थशास्त्राच्या वर्गात सार्वजनिक वस्तू शिकविताना आम्ही दीपगृहाचे ठराविक उदाहरण देतो. वास्तविक हा माणूस अधिक चांगले उदाहरण ठरावा. त्याच्या जोखमीचा लाभ गावाला मिळतो, तोटा झाला तर तो त्याच्या एकट्या घराला. डोंगा फुटला, जाळे वाहून गेले, तर हंगाम गेला. १९६१ पासून केंद्र सरकार जीवन रक्षा पदके देते. पदकाचा मान मोठा, पण ते घडून गेल्यानंतरचे. आणि ज्याची हकीकत वरपर्यंत पोहोचते त्याचेच.

यावर एक सुसंस्कृत आक्षेप आहे. रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की दानाला किंमत लावली की दानाची वृत्तीच क्षीण होते. मग धैर्याला पैसा कसा लावायचा? आक्षेप खरा, पण येथे गैरलागू. विमा ही धैर्याची किंमत नव्हे. नावाडी परतला नाही तर त्याच्या मुलांच्या पोटाची ती तजवीज आहे. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेने स्थानिक स्वयंसेवकांचे प्रशिक्षण व विमा ही दिशा धरली आहे. ती नदीकाठच्या शेवटच्या डोंग्यापर्यंत जावयास हवी.

आणि प्रशिक्षण नावाड्यालाच नको, बसणाऱ्यांनाही हवे. सप्टेंबर २०२१ मध्ये याच वर्धा नदीत, वरूड तालुक्यातील झुंज येथे, दशक्रियेसाठी आलेल्या कुटुंबातील माणसे नाव उलटून बुडाली, मृत ११. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळला तर पुरातून सुटका करणारी बोटच उलटली. तिच्यात माणसे अधिक झाली होती. भर पुरात ‘आता बस’ हे कोणी कोणास सांगावे? ते सांगण्याचा अधिकार नावाड्यास लेखी असावा आणि काठावरच्या पोलिसाने, सरपंचानेही तो मानावा. पावसाळ्याच्या तोंडी तहसिलीत पूरप्रवण गावांच्या बैठका होतात, तेव्हा बोटी व दोर यांच्याबरोबर डोंगेवाल्यांचीही नावे, प्रत्येकाच्या डोंग्यात किती माणसे मावतात त्या आकड्यासह, नोंदविता येतील.