परळ-लालबागची चाळ पडणार, मग गावच्या खोलीचं काय?

मे महिन्यात मुंबईकर गावी आले की पारावर एक विषय हमखास निघतो. चाळीची मिटिंग झाली, सह्या झाल्या, आता टॉवर होणार. जावळी, पाटण, शिराळा, आजरा, संगमेश्वर या तालुक्यांत ज्या गावचा कोणीच परळ, लालबाग, करी रोड, दादर नाहीतर गिरगावात राहिला नाही, असं गाव सापडणं अवघड आहे. कोणाचे आजोबा गिरणीत साच्यावर होते, कोणाचे चुलते गोदीत. गावकऱ्यांची मिळून एक खोली असायची. एका पाळीचे लोक कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे येऊन तिथेच पथारी टाकायचे. जेवण खानावळीतल्या बाईकडे.

त्याच खोलीची किंमत आता लाखांत नाही, कोटीत बोलली जाते. त्यामुळे भावाभावांत, गावकी-भावकीत वादही सुरू झालेत. त्यातच मोबाईलवर रोज नवा मेसेज फिरतो. म्हणून हा विषय नेमका काय आहे, कायदा काय सांगतो आणि गावाकडच्या माणसाने कोणती काळजी घ्यावी, ते सोप्या भाषेत पाहू.

वस्ती इथेच का झाली?

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली. कापूस रेल्वेने यायचा, कापड रेल्वेने आणि बंदरातून जायचं. त्यामुळे गिरण्या परळ, भायखळा, लालबाग, वरळी या पट्ट्यात वाढल्या. रेल्वेची मोठी वर्कशॉपही परळ आणि लोअर परळलाच झाली. कामगाराला पायी कामावर जाता यावं म्हणून गिरणीच्या आसपास चाळी उभ्या राहिल्या.

पण गर्दी झाली, घाण वाढली आणि १८९६ ला प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये इंग्रज सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. या ट्रस्टने दाट वस्तीतून रस्ते काढले, कामगारांसाठी चाळी बांधल्या आणि दादर-माटुंग्याला मोकळी, आखीव वसाहत केली. दादरच्या हिंदू कॉलनीचे सरळ रस्ते आजही दिसतात, ते त्या आखणीमुळे. म्हणजे जुनी वस्ती पाडून नवी बांधण्याचं काम मुंबईत सव्वाशे वर्षांपासून चालू आहे. प्रश्न तेव्हाही हाच होता, की तिथे राहणारा माणूस कुठे जाणार?

गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप फुटला नाही आणि मिटलाही नाही, गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. कामगार बिऱ्हाड आवरून गावी आले.

उरली ती जमीन, सुमारे ६०० एकर, तीही रेल्वे स्टेशनांना लागून. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. त्याचा अर्थ सोपा होता. जमीन विकसित करायची तर तीन वाटे पडतील. एक वाटा महापालिकेला मैदान-बागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक गिरणी मालकाला. २००१ मध्ये या नियमात बदल झाला. वाटे पडतील, पण फक्त जी जमीन आधीपासून मोकळी आहे तिचे. शेड, इमारती ज्या जागेवर उभ्या होत्या ती वाटणीतून बाहेर गेली. गिरणीच्या आवारात बहुतेक जागेवर शेडच असतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर वाटणी सगळ्या शिवाराची ठरली होती, झाली फक्त बांधाची.

प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई हायकोर्टाने २००५ मध्ये बदलाच्या विरोधात निकाल दिला, तर सुप्रीम कोर्टाने मार्च २००६ मध्ये तो बदल कायम ठेवला. लोअर परळला उतरल्यावर जे मॉल आणि काचेची ऑफिसं दिसतात, त्यांच्या खाली ही गोष्ट आहे.

तुमची चाळ कोणत्या प्रकारची?

सगळ्या चाळींना एकच नियम लागत नाही. आधी जमीन कोणाची ते बघावं लागतं.

पहिला प्रकार बीडीडी चाळींचा. १९२१ ते १९२५ च्या सुमारास सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. जमीन सरकारी, त्यामुळे वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथला पुनर्विकास म्हाडा करत आहे. रहिवाशाला ५०० चौरस फुटांचं घर मालकी हक्काने फुकट मिळणार आहे. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या.

दुसरा प्रकार उपकरप्राप्त इमारतींचा. गिरगाव, लालबाग, दादरमधल्या बहुतेक जुन्या चाळी यात येतात. जमीन खाजगी मालकाची आणि राहणारे भाडेकरू. भाडं इतकं कमी की मालक दुरुस्ती करत नाही, म्हणून १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ नेमलं आणि रहिवाशांकडून उपकर घ्यायला सुरुवात झाली. हे मंडळ आता म्हाडाचा भाग आहे. ३० सप्टेंबर १९६९ च्या आधीच्या इमारती यात मोडतात. पुनर्विकास बहुतेक वेळा ३३(७) या नियमाखाली होतो आणि अनेक इमारती एकत्र येऊन मोठी योजना करायची तर ३३(९) लागतो. ३३(७) मध्ये भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. पूर्वी ७० टक्के रहिवाशांची संमती लागायची, आता ५१ टक्के पुरते.

तिसरा प्रकार महापालिकेच्या मालकीच्या चाळींचा. तिथे भाडेकरू पालिकेचा, म्हणून कागदपत्रंही पालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधून तपासली जातात.

शेजारच्या चाळीला ५०० फूट मिळालं म्हणजे आपल्यालाही मिळेलच, असं त्यामुळे धरून चालू नये.

फुकट घर देऊन बिल्डरला परवडतं कसं?

याचं उत्तर चटई क्षेत्रात आहे, ज्याला सगळे एफएसआय म्हणतात. १० गुंठे जमीन म्हणजे १०,८९० चौरस फूट. एफएसआय १ असेल तर तेवढंच बांधकाम करता येतं. ३ असेल तर ३२,६७० चौरस फूट. समजा त्या १० गुंठ्यांवर ६० खोल्यांची चाळ आहे. प्रत्येकाला ३०० फूट दिलं तर १८,००० फूट भाडेकरूंना गेलं. भिंती, जिना, लिफ्ट धरून जे उरतं ते बिल्डर बाजारभावाने विकतो. रहिवासी जास्त असतील तर त्यांचं क्षेत्र अधिक ठराविक टक्के प्रोत्साहन क्षेत्र, असं धरून एफएसआय ३ च्या वरही जातो.

थोडक्यात, तुमचं घर विक्रीच्या घरांच्या पैशातून होतं. म्हणून बाजार पडला, बिल्डर कर्जात बुडाला किंवा भागीदारांत भांडण लागलं की काम थांबतं. सोबत बाहेर राहणाऱ्यांचं भाडंही थांबतं. मुंबईत संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षं काढलेली कुटुंबं कमी नाहीत. किती फूट मिळणार हे विचारण्याआधी, काम अर्धवट राहिलं तर पुढे काय, हे विचारणं गरजेचं आहे.

पावती एक, घर एक

गावाकडच्या लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. खोलीत किती जण झोपतात यावर घरं ठरत नाहीत. भाडेकरार किती, यावर ठरतात. भाडेपावती ज्याच्या नावावर, तो भाडेकरू. एका खोलीत मधे पार्टिशन टाकून दोन बिऱ्हाडं केली असतील, तरी ३३(७) मध्ये १३ जून १९९६ नंतर तयार केलेला नवा भाडेकरार धरला जात नाही.

मूळ भाडेकरू वारला तर काय? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो, की मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत त्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाला भाडेकरूपण मिळतं. असं कोणी राहत नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो, आणि त्यांच्यात एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं. शेताचा सातबारा जसा सगळ्या भावांच्या नावावर चढतो, तसं इथे आपोआप होत नाही. तीस वर्षं गावी राहिलेल्या भावाचा आणि मुंबईत खोली सांभाळलेल्या भावाचा हक्क कायद्याच्या नजरेत एकसारखा नाही. हे कडू वाटेल, पण आधी माहीत असलेलं बरं.

गावकऱ्यांच्या खोलीचा गुंता आणखी वेगळा. पावती कधी मंडळाच्या नावावर असते, तर कधी पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या पुढाऱ्याच्या. वर्गणी सगळ्या गावाने भरलेली, नाव एकाचं. तो माणूस गेला आणि त्याच्या मुलांनी वारस म्हणून अर्ज केला तर गावाच्या हातात काय उरतं? जुनी वर्गणीची वही, भाडं भरल्याच्या नोंदी, मंडळाचे ठराव आणि नोंदणी असेल तर तिचं प्रमाणपत्र. हे कागद पेटीत पडून असतील तर आत्ताच बाहेर काढावेत. पात्रतेची यादी एकदा पक्की झाली की मग धावपळ करून फारसा उपयोग होत नाही.

गिरणी कामगाराच्या वारसाचं घर

ही योजना चाळीच्या पुनर्विकासापेक्षा वेगळी आहे. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस यासाठी पात्र धरला जातो. म्हाडाकडे अर्ज आले पावणेदोन लाखांच्या घरात. सोडती निघाल्या त्या अशा: २०१२ मध्ये ६,९२५ घरं, २०१६ मध्ये आधी २,६३४ आणि नंतर पनवेलजवळ कोन इथली २,४१७, मार्च २०२० मध्ये ३,८९४. बेरीज १५,८७०. अर्ज करणाऱ्या दहा जणांमागे एकालाही घर आलेलं नाही.

मुंबईत जमीन उरली नाही म्हणून मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शेलू आणि वांगणी इथे ८१ हजार घरांची योजना आणली. ही दोन्ही स्टेशनं मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर, सीएसएमटीपासून ८० किलोमीटरच्या आसपास. कामगार संघटनांचा याला विरोध आहे. घाम मुंबईत गाळला, जमीन मुंबईतली गेली, मग घर कर्जतच्या वाटेवर का, असा त्यांचा सवाल आहे. यासाठी जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर आंदोलनही झालं. दुसरीकडे, गावी राहणाऱ्या काही वारसांना मुंबईच्या जवळपास कुठेही छप्पर मिळालं तरी चालणार आहे. निर्णय ज्याने त्याने घ्यावा, पण लोकलचा रोजचा प्रवास धरूनच घ्यावा.

टॉवर वाढले, जिना तेवढाच

स्टेशनजवळ जास्त लोक राहावेत, म्हणजे गाड्या कमी लागतील, हा विचार जगभर मान्य आहे. पण त्यासाठी स्टेशनही वाढावं लागतं. गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली आणि एल्फिन्स्टन रोड, परळ या स्टेशनांवर रोज नवी गर्दी उतरू लागली, पूल मात्र जुनाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पावसात त्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. त्यानंतर सैन्याने नवा पूल बांधला. २०१९ पासून परळहून लोकल सुटू लागल्या. एल्फिन्स्टन रोडचं नावही प्रभादेवी झालं. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरेपासून दादर, गिरगावमार्गे कफ परेडपर्यंत धावते.

चाळीच्या जागी चाळीस मजले उभे राहतील तेव्हा पाणी, गटार, रस्ता आणि स्टेशनचा जिना पुरणार का, हा प्रश्न सोसायटीच्या मिटिंगमध्ये विचारायला हवा. उंच इमारतीत लिफ्ट, पंप, वॉचमन यांचा महिन्याचा खर्चही चाळीच्या भाड्याच्या कितीतरी पट असतो. पेन्शनवर राहणाऱ्या माणसाला तो झेपणार का? घर फुकट मिळालं तरी राहणं फुकट नसतं.

आता करायचं काय?

- भाडेपावती, लाइट बिल, रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव, सगळे कागद एका पिशवीत ठेवा आणि मोबाईलवर फोटो काढून घ्या.
- गिरणी कामगाराच्या घरात तिकीट नंबर, लाल पास, पगार पावती, ईएसआयसी किंवा प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, हजेरी पत्रक यांपैकी जे सापडेल ते जपा. एक चिटोरंही टाकू नका.
- कामगार वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद तयार ठेवा. भावंडांनी आपसात आधीच लेखी ठरवून घेतलेलं चांगलं.
- कोऱ्या कागदावर किंवा न वाचता संमतीपत्रावर सही करू नका. करारात घराचं क्षेत्र, दरमहा भाडं, काम पूर्ण होण्याची मुदत आणि बँक गॅरंटी लिहिलेली आहे का ते बघा.
- घर मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. म्हाडाने घरांसाठी कोणताही एजंट नेमलेला नाही.
- गावकऱ्यांची खोली असेल तर येत्या यात्रेला सगळे जमले की बैठक घ्या, हिशोब वाचा आणि ठराव लिहून ठेवा.

लालबाग-परळच्या त्या दहा बाय सोळाच्या खोलीने गावातल्या कित्येक पोरांना पहिली नोकरी लागेपर्यंत आसरा दिला. आजारी माणूस केईएमला नेला तर नातेवाईक तिथेच उतरायचे. नव्या टॉवरमध्ये त्या खोलीच्या बदल्यात एक दार मिळेल. त्या दारावर नाव कोणाचं लागणार, हे ठरवण्याची वेळ चाळ पडायच्या आधीची आहे.