शिंदीची बहीण आणि गाढवावरचा राजा

ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, नांदेड किंवा लातूरमधल्या एखाद्या चर्चवरून गेलात, तर मुलं आणि मोठी माणसं हिरव्या झावळ्या घेऊन गाणी म्हणत चाललेली दिसतील. हा झावळ्यांचा रविवार. पण झावळ्याच का? फुलं का नाहीत?

त्यासाठी आधी झाडाची ओळख करून घेऊ. आपल्या ओढ्याकाठी शिंदी असते ना, जिच्या पानांची केरसुणी करतात आणि लक्ष्मीपूजनाला तिच्यावर हळदकुंकू वाहतात? ती खजुराची बहीण. दोघींचं शास्त्रीय नाव सुरू होतं ते फिनिक्स याच शब्दाने. भर उन्हाळ्यात ओढा आटतो, तरी शिंदी हिरवीच. तिच्या पानांवर मेणाचा जाड थर असतो, त्यामुळे पाणी लवकर उडून जात नाही. येशूचा देशही असाच कोरडा, आणि तिथे खजूर भरपूर. उन्हाला न हरणारं झाड म्हणूनच लोकांनी त्याला जिंकल्याची खूण मानलं असेल.

ती खूण होती हे मात्र नक्की. इ. स. पूर्व १४१ मध्ये सायमन मकाबी या यहुदी पुढाऱ्याने जेरुसलेमच्या किल्ल्यातून परकी सैन्य हुसकून लावलं, तेव्हा लोक झावळ्या घेऊन, झांजा वाजवत किल्ल्यात शिरले होते. त्यानंतर सुमारे १७० वर्षांनी तिथे रोमन लोकांचं राज्य होतं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात लिहिलंय की येशू शहराकडे येतोय हे ऐकताच लोक खजुराच्या झावळ्या घेऊन सामोरे गेले. त्यांच्या मनात काय असेल ते ओळखलंत? हा आपला राजा, आता हा रोमनांना हाकलणार!

आणि राजा आला कशावर बसून? गाढवाच्या शिंगरावर.

आपल्याकडे गाढवावर बसवणं म्हणजे धिंड, म्हणून हे वाचून आपण दचकतो. तिथे तसं नव्हतं. जुन्या काळी मोठमोठे अधिकारीही गाढवावर बसत. पण घोडा होता लढाईचा. मोठी लढाई जिंकलेला रोमन सेनापती चार घोड्यांच्या रथात उभा राहून रोममध्ये मिरवायचा, आणि त्याच्यापुढे साखळदंडातले कैदी चालत असायचे. गाढव हे शांततेचं वाहन. येशूच्या कितीतरी आधी लिहिलेल्या, बायबलमधल्याच जखऱ्याच्या पुस्तकात सांगितलं होतं की राजा नम्रपणे गाढवावर बसून येईल, आणि मग लढाईचे रथ नि घोडे उरणार नाहीत.

गाढव शांत का, याला शास्त्रीय कारणही आहे. घोडा घाबरला की उधळतो. गाढव मात्र जागच्या जागी थांबतं आणि अंदाज घेतं. आपण त्यालाच हट्टीपणा म्हणतो! त्याचे पूर्वज आफ्रिकेतल्या कोरड्या, खडकाळ मुलखातले, आणि माणसाने त्याला सुमारे ७००० वर्षांपूर्वी माणसाळवलं.

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला, खंडोबाच्या यात्रेत गेलात, तर गाढवांच्या बाजारात नक्की जा. राखाडी गाढवाच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत एक गडद रेघ असते, आणि खांद्यावर तिला छेदणारी दुसरी आडवी रेघ. झाला क्रूस! ख्रिस्ती लोककथा म्हणते, येशूला वाहून नेल्याची ही आठवण. प्राणिशास्त्र म्हणतं, ही खूण आफ्रिकेतल्या रानगाढवांकडून आलेली, येशूच्याही फार आधीची. मला दोन्ही गोष्टी आवडतात.

झावळ्यांच्या त्या रविवारनंतर पुढच्याच शुक्रवारी रोमनांनी येशूला क्रुसावर खिळलं. झावळ्या हलवणाऱ्यांना वाटलं असेल, संपलं सगळं, हरलो. बायबल म्हणतं, विजय इथेच झाला. येशूने तलवार उचलली नाही, मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला. ज्याच्यापुढे कुठल्याच राजाचं काही चालत नाही, त्या मृत्यूलाच त्याने हरवलं, असं येशूचा संदेश पसरवणाऱ्या पौलाने करिंथ शहरातल्या लोकांना पत्रातून लिहिलं. रोमच्या लोकांना त्याने कळवलं, वाइटाला चांगल्याने जिंका.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, तर कमालच आहे. योहान रडत असतो. त्याला सांगतात की रडू नको, सिंहाने विजय मिळवलाय. तो बघतो, तर समोर कोकरू! तेही वधाच्या खुणा अंगावर असलेलं, म्हणजे येशूच. आणि त्या कोकरापुढे सगळ्या देशांची, सगळ्या भाषांची माणसं (म्हणजे मराठीही आलीच) झावळ्या घेऊन उभी.

रोमने मात्र आपला विजय आपल्या पद्धतीने साजरा केला. इ. स. ७० मध्ये जेरुसलेम उद्ध्वस्त केलं आणि नाणी पाडली. त्यांवर खजुराचं झाड, आणि झाडाखाली शोक करत बसलेली एक बाई. पुढे काही वर्षांत मसादा हा डोंगरी किल्लाही पडला. १९६३ ते १९६५ या काळात तिथे उत्खनन झालं, तेव्हा खजुराच्या जुन्या बिया सापडल्या. त्यातल्या काही बिया संशोधक सारा सॅलन यांनी मिळवल्या आणि २००५ साली त्यांच्या सहकारी इलेन सोलोवे यांनी तीन बिया लावल्या. एक चक्क उगवली! रोपाच्या मुळाला चिकटलेल्या टरफलाची कार्बन चाचणी केली, तर बीचं वय निघालं सुमारे २००० वर्षं. मसादाच्या अतिकोरड्या हवेत ती बी इतकी वर्षं तग धरून राहिली होती. रोपाला नाव दिलं मथुशलह. बायबलमधला मथुशलह ९६९ वर्षं जगला.

पण हे झाड नर निघालं. खजुराची आणि शिंदीची नर-मादी झाडं वेगवेगळी असतात, आणि फळं फक्त मादीला येतात. मग तशाच प्राचीन आणखी बिया रुजवल्या, त्यातल्या एका मादी झाडाचं नाव हन्ना. मथुशलहचे परागकण हन्नाच्या फुलांना लावले, आणि २०२० साली त्या झाडाचे खजूर लोकांनी चाखले. नाण्यावर खजुराचं झाड कोरणारं ते रोमन साम्राज्य आज नाही, झाड मात्र फळतंय.

तुम्हीही घरी खजूर आणलात की बी फेकू नका. दोन दिवस पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला, मग ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवा. काही आठवडे धीर धरावा लागेल. बियाच्या एका बाजूला खाच असते आणि दुसऱ्या बाजूला छोटा ठिपका. कोंब त्या ठिपक्यातून येतो. मग कुंडीत लावा. पहिलं पान झावळीसारखं नसतं, गवताच्या पात्यासारखं सरळ असतं. ते दिसलं की आम्हाला पत्राने नक्की कळवा.