ट्राम आली, वेधशाळा अलिबागला गेली

पृथ्वीच्या पोटात सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर वितळलेल्या लोखंडाचा बाह्य गाभा सुरू होतो. उष्णतेने आणि पृथ्वीच्या परिवलनाने हे लोखंड घुसळत राहते. त्यातून विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि त्या प्रवाहांतून चुंबकक्षेत्र. सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांना तेच बरेचसे थोपवते.

हे क्षेत्र स्थिर नसते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून त्याची मोजणी होत होती. सप्टेंबर १८५९ च्या महाभयंकर सौरवादळात क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद इथेच झाली. त्या वादळाची इतकी मोलाची नोंद जगात क्वचितच सापडेल!

पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार म्हटल्यावर मोजमापे बिघडण्याची भीती निर्माण झाली आणि १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवले. दख्खनचा काळा पाषाण स्वतःच चुंबकीय गुणाचा, म्हणून इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला. लोखंड कटाक्षाने टाळले. दोन्हीकडच्या नोंदी जुळाव्यात म्हणून १९०६ पर्यंत कुलाब्यातही मोजणी चालू ठेवली, ही दूरदृष्टी खरी कौतुकाची. अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि तिथली मोजणी अजून चालू आहे.