कृत्रिम उड्डाणांतील देखावा

नाटकांतील रंगविलेल्या पडद्यावर राजवाडा किंवा अरण्य दाखवितां येतें, कारण प्रेक्षक आपल्या खुर्चीवरून हालत नाहीं. एका जागेवरून दिसणारा भास साधला कीं चित्रकाराचें काम संपलें. फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे जमिनीवर बसून विमान चालविण्याचा अनुभव देणारी संगणकाची योजना. तिच्यासाठीं देखावा रचणाऱ्यास मात्र ही सवलत नसते. त्याचा प्रेक्षक त्या देखाव्यांतूनच उडत जातो, आणि आपण किती उंच आहों व धांवपट्टी किती दूर आहे हेंही त्यावरूनच ठरवितो. म्हणून या कलेंत सौंदर्याआधीं माप येतें.

नेपाळांतील लुक्ला येथील विमानतळाचें उदाहरण घेतल्यास ही गोष्ट स्पष्ट होईल. एव्हरेस्टकडे जाणारे पुष्कळ गिर्यारोहक येथेंच उतरतात. सुमारें २,८४५ मीटर उंचीवरील या धांवपट्टीची लांबी अवघी ५२७ मीटर असून तिचा चढ शेंकडा सुमारें १२ आहे. म्हणजे एक टोंक दुसऱ्याहून साठएक मीटर उंच! विमान चढाच्या दिशेनें उतरतें व उताराच्या दिशेनें उडतें. समोर डोंगर उभा असल्यामुळें शेवटच्या क्षणीं बेत बदलण्यास वाव नसतो.

असा प्रदेश संगणकांत उतरविण्याची पहिली पायरी म्हणजे उंचीचें जाळें. फेब्रुवारी २००० मध्यें एन्डेव्हर या अंतराळयानावरील रडारनें पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. त्या मापनांत सुमारें ३० मीटरांवर एक बिंदु मिळतो. हे बिंदु जोडून त्रिकोण करतात. कारण तीन बिंदु नेहमीं एका पातळींत बसतात, चार बसतीलच असें नाहीं. परंतु लुक्लाची धांवपट्टी रुंदीला ३० मीटरच आहे. तिच्या आडव्या अंगास जेमतेम एक बिंदु येतो व लांबीला सतरा-अठरा. डोंगरास पुरणारें जाळें येथें पुरत नाहीं. कडा व चढ निराळे मोजून हातानें बसवावे लागतात. जुन्या पुष्कळ सिम्युलेटरांत तर प्रत्येक विमानतळ सपाटच मानलेला असे.

चढ चुकला तर काय बिघडतें? चढत्या धांवपट्टीकडे येतांना वैमानिकास आपण फार उंच आहों असा भ्रम होतो, व तो विमान गरजेपेक्षां खालीं आणतो. हा भ्रम सुरक्षितपणें अनुभवून सावध होणें हाच सरावाचा लाभ. पट्टी सपाट दाखविली तर तो लाभ हुकतो. झाडांचें व घरांचेंही तसेंच. झाड दुप्पट मोठें काढलें कीं जमीन जवळ आल्यासारखी वाटते.

दुसरी अडचण वेळेची. गति अखंड भासावयाची तर सेकंदास तीसएक चित्रें हवींत. म्हणजे प्रत्येक चित्रास सेकंदाचा तिसावा भाग. तेवढ्यांत सारे डोंगर, घरें व ढग काढावयाचे! म्हणून जवळच्या भूमीस बारीक त्रिकोण व दूरच्या भूमीस मोठे, अशी काटकसर करतात. विमान जवळ येईल तसतसा तपशील हळूहळू वाढवावा लागतो. तो एकदम बदलला तर पर्वत दचकल्यासारखा दिसतो, आणि कमीजास्त तपशिलाचे दोन तुकडे जुळतात तेथें भेगा पडतात.

त्रिकोणांवर उपग्रहांतून किंवा विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें पसरतात. उंचावरून तीं खरीं वाटतात. खालीं येतांच जमीन रंग फांसल्यासारखी होते, म्हणून तेथें घरें व झाडें उभीं करावीं लागतात. छायाचित्र सकाळचें असेल तर त्यांतील सावल्या पश्चिमेकडे पडतात. सायंकाळच्या उड्डाणांत सूर्यही पश्चिमेस व सावल्याही पश्चिमेस, असा विपरीत प्रकार घडतो! म्हणून चित्रांतील सावल्या पुसून सूर्याच्या स्थानाप्रमाणें नव्या पाडतात.

रात्रीच्या देखाव्यांत तर न काढण्यालाही महत्त्व आहे. १९६० नंतरच्या दशकांत बोइंग कंपनींतील संशोधक कॉनरॅड क्राफ्ट यांनीं सिम्युलेटरवर प्रयोग केले. पलीकडे शहराचे दिवे व अलीकडे निव्वळ अंधार असतां अनुभवी वैमानिकही विमान धोक्याइतकें खालीं आणतात, असें त्यांत आढळलें. अशा अंधाऱ्या जागेंत शोभेसाठीं चार दिवे लावणारा रचनाकार शिकणाऱ्यापासून तो धोकाच लपवून ठेवतो. जेथें सृष्टि डोळ्यांस फसविते, तेथें देखाव्यानेंही तितकेंच फसविलें पाहिजे.