एकाच रंगाचे चित्र

चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? कॅलेंडरावरचा विठोबा, नाहीतर बैलजोडी. पण ज्यात देव नाही, माणूस नाही, झाड नाही, नुसता एक रंग आहे, असे चित्र तुम्ही पाहिले आहे काय? अशी चित्रे काढणारे एक मोठे चित्रकार होऊन गेले. त्यांचे नाव वासुदेव गायतोंडे.

त्यांचा जन्म १९२४ साली नागपूरला झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले. आरंभी तेही माणसांची चित्रे काढीत. पुढे त्यांनी आकृती सोडली. मग एका चित्रात बहुधा एकाच रंगाचे राज्य. कधी पिवळा, कधी निळा, कधी करडा.

आम्हांलाही आधी हे पटले नाही. ‘यात काय मोठे? लेकरूसुद्धा असा रंग फासेल,’ असे आम्ही म्हणालो. पण त्यांची रीत कळली आणि आमचे मत बदलले.

दिवाळीला आपण भिंतीला चुना देतो. पहिला हात वाळला की दुसरा हात. घाई केली तर पहिलाही निघून येतो, खरं ना? गायतोंडे कापडावर रुळाने रंग देत. सुरीने तो खरडत. रंग लागलेले कागदाचे कपटे त्यावर दाबत. पुन्हा वर पातळ रंग. म्हणून खालचा रंग वरच्यातून उजेडासारखा दिसतो. वर्षाला त्यांची पाच-सहाच चित्रे पुरी होत. बाकी वेळ ते विचार करीत. जपानातला झेन नावाचा बौद्ध पंथ त्यांना फार आवडे.

१९८४ साली त्यांना अपघात झाला. मोठे कापड रंगवणे काही वर्षे बंद पडले. तेव्हा ते लहान कागदावर शाईने काम करीत. पुढे त्यांनी पुन्हा कापडावर रंग घेतला. २००१ साली ते वारले. सरकारने त्यांना १९७१ साली पद्मश्री दिली होती. २०१४ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले.

पावसाळ्यात आपल्या धरणगावच्या शिवारात उभे राहा. सगळे हिरवेच. पण कपाशीचा हिरवा निराळा, ज्वारीचा निराळा, बांधावरच्या निंबाचा निराळा. ढग आला की तोही पालटतो. एका रंगात किती रंग!

आणि आठवा, वर्गात आलात तेव्हा पुस्तकातली सगळी अक्षरे सारखीच काळी दिसत होती. आज ‘घ’ आणि ‘ध’ तुम्हांला वेगळे दिसतात. अक्षरे तीच आहेत. तुमची नजर तयार झाली. चित्राचेही तसेच आहे, बरं का.