सायकल नंतर, आधी माती

जानेवारी २०२६ मधल्या पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीने महाराष्ट्रात सायकलीची चर्चा पुन्हा रंगली. त्या शर्यतीसाठी चारशेहून अधिक किलोमीटरचे रस्ते गुळगुळीत झाले, आणि अनेक तरुणांना रेसिंग सायकल घ्यावीशी वाटू लागली. वर्धा जिल्ह्यातल्या तरुणांना माझं सांगणं वेगळं आहे. आपल्याकडे डांबर सोडून आत वळलं की मुरुमाची पांदण लागते. अशा कच्च्या वाटांवर सायकल चालवण्याला जगात ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात, आणि ते करायला याहून चांगली जागा शोधावी लागणार नाही.

या प्रकाराची सर्वांत नावाजलेली शर्यत अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, एम्पोरिया या लहानशा गावी २००६ पासून होते. अंतर दोनशे मैल, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर. २०२३ मध्ये पाऊस पडला आणि सुरुवातीच्याच टप्प्यात स्पर्धकांना सायकली खांद्यावर घेऊन चिखल तुडवावा लागला. चाकाचा चिखल खरवडायला अनेकांनी लाकडी पट्ट्या बाळगल्या होत्या. हिंगणघाट-समुद्रपूरच्या काळ्या रानात जुलैमध्ये बैलबंडी हाकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

म्हणून सायकलीच्या किमतीआधी मातीचा विचार करा. मुरूम आणि काळी माती, दोन्हींचं मूळ बेसाल्टच. पण मुरमातून पाणी निचरतं, तर काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, टायर आणि फ्रेम यांच्यामधली फट भरते आणि चाक जाम करते. आर्वी, आष्टी, कारंजाकडचा भाग चढउताराचा आणि मुरमाड; पाऊस उघडला की तिथे लवकर सायकल चालवता येते. काळ्या रानात वाफसा येईपर्यंत थांबावं. शेतकरी बैल डवऱ्याला जुंपत नाही तोवर आपणही उतरू नये, कारण ओल्या पांदणीत चाकोऱ्या पडल्या की त्याची बंडी अडते. नवख्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो, तेव्हा हट्ट नको.

लाखाच्या घरातली सायकल घेण्याची घाई करू नका. ग्रॅव्हल सायकलचं मर्म रुंद टायर, हलके गिअर आणि खात्रीचे ब्रेक एवढ्यात आहे. घरातल्या हायब्रिडला ३८ ते ४० मिलिमीटरचे टायर बसत असतील तर तीच काढा. दूधवाल्यांच्या जुन्या काळ्या सायकलीचे टायरही साधारण तेवढेच रुंद होते, आणि त्यांनी या पांदणी कॅन झेलत तुडवल्या. टायरमधली हवा डांबरी रस्त्यावर ठेवता त्यापेक्षा कमी ठेवा. सत्तर किलोच्या माणसाला चाळीस पीएसआयच्या आसपास पुरते. फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब चिमटते.

आपल्याकडचा खरा शत्रू बाभळीचा काटा. धुऱ्यावरच्या काट्या छाटल्या की पांदणभर काटे पसरतात. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट लहान छिद्र आपोआप बुजवतं. ते नसेल तर दोन ट्यूब आणि पंप जवळ हवाच. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला गावातल्या दुकानातली हवा बसत नाही, त्यासाठी पितळी अडॅप्टर खिशात ठेवा.

सुरुवात सेवाग्राम-पवनार पट्ट्यातून करावी. गावं जवळजवळ आहेत, पाणी मिळतं, थकलं की डांबर गाठता येतं. बोरच्या जंगलाकडे जाताना भान हवं. २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. गाभ्यात सायकल नाहीच, आणि लगतच्या रानातही पहाटे किंवा संध्याकाळी एकट्याने जाऊ नये.

आता पांदणींबद्दल. अतिक्रमणाने कित्येक पांदणी बुजल्या आहेत. २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेने त्या मजबूत करण्याची वाट काढली, आणि अडवलेली वाट मोकळी करण्याचे अधिकार तहसीलदाराकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यानुसार आहेत. या वाटांवर पहिला हक्क शेतकऱ्याचा. समोरून बंडी आली की सायकलवाल्याने उतरून बाजूला व्हावं. पण दोघांना हवंय ते एकच: कडेला नाली, वर दाबलेला मुरूम आणि दरवर्षीची डागडुजी. सरसकट सिमेंट ओतण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि पाणी जमिनीत मुरणंही थांबत नाही. सायकल गटांनी पुढच्या ग्रामसभेत शेतकऱ्यांसोबत बसून हीच मागणी लावून धरावी.